आजार घरी कसा वागतो?

पार्किन्सन्सचा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या दिवसातला सगळ्यात बरा तास चाललेला असतो. निघताना गोळी वेळेवर घेतलेली असते, सोबत मुलगा किंवा मुलगी असते, आणि कुणीतरी आपल्याला तपासतंय या जाणिवेनेच चाल सुधारते. घरी उंबरठ्यापाशी खिळून राहणारा पाय रुग्णालयाच्या मोकळ्या व्हरांड्यात सरळ पडतो. डॉक्टर दहा मिनिटं पाहतात. पहाटे कूस बदलता न येणं, दुपारच्या जेवणानंतर गोळी लागू न पडणं, संध्याकाळी अंग आपोआप वळवळणं हा बाकीचा सगळा आजार घरीच राहतो.

वर्धा जिल्ह्यात हे अंतर मैलांतही मोजावं लागतं. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख लोकसंख्या, त्यातले जवळपास दोन तृतीयांश लोक खेड्यांत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही जिल्ह्यातली दोन मोठी शिक्षण-रुग्णालयं वर्धा शहराच्या अवतीभवती आहेत. आष्टी, कारंजा (घाडगे) किंवा समुद्रपूर तालुक्याच्या टोकाच्या गावातून तिथे यायचं तर सगळा दिवस मोडतो, आणि हात थरथरणाऱ्या, पाय अडखळणाऱ्या माणसाला एसटीत चढवणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. त्यामुळे आजार घरी कसा वागतो हे दूरच्या डॉक्टरांपर्यंत कसं पोचवायचं, हा प्रश्न इथे अगदी रोजचा आहे.

आज या प्रश्नाला मनगटावरचं घड्याळ, हातातला फोन आणि भिंतीवरची रेडिओलहरींची पेटी अशी उत्तरं दिली जातात. ती नवी आहेत. पण त्यांच्यामागे दोनशे वर्षांची वंशावळ आहे, आणि ती नीट पाहिली की एक गोष्ट ठळक होते: या आजारावर घरी लक्ष ठेवण्याची प्रत्येक पद्धत घरातल्या माणसाच्या नजरेवर उभी राहिली, आणि जिथे त्या नजरेला बाजूला सारलं तिथे ती अडखळली.

लंडनचा रस्ता, बर्लिनजवळचं घर

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने या आजारावर छोटासा निबंध लिहिला. त्यात सहाच रुग्णांचं वर्णन आहे, आणि ते सगळेच काही त्याच्या दवाखान्यात आलेले नव्हते. दोघे त्याला रस्त्यात भेटले आणि त्याने थांबवून त्यांची विचारपूस केली. एकाला तर त्याने फक्त लांबून पाहिलं. पुढे झुकलेलं शरीर, लहान पावलांची घाईची चाल, स्वस्थ असताना थरथरणारा आणि कामाला लागला की शांत होणारा हात, ही लक्षणं त्याला चालत्याबोलत्या माणसांत दिसली. या आजाराची पहिली नोंदच मुळात दवाखान्याबाहेरच्या निरीक्षणाची आहे.

त्यानंतर दहाएक वर्षांनी एका रुग्णाने स्वतःच हे काम हाती घेतलं. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा जर्मन विद्वान आणि मुत्सद्दी. १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत त्याने भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली होती. पत्नीच्या निधनाच्या आसपास त्याचे हात थरथरू लागले, हालचाली मंदावल्या, आणि १८३५ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो आपल्या पत्रांतून हे बदल बारकाईने लिहीत राहिला. अक्षर ओळीच्या सुरुवातीला बरं असतं आणि पुढे पुढे बारीक होत जातं, हे त्याने स्वतः टिपलं. अक्षर आखडणं हे आज पार्किन्सन्सचं ओळखीचं लक्षण मानलं जातं. त्याच्याकडे कोणतंही यंत्र नव्हतं, पार्किन्सनचा निबंध त्याने वाचल्याचा पुरावाही नाही. रोज लिहिणारा माणूस आपल्याच अक्षरावर लक्ष ठेवून होता, एवढंच. घरच्या घरी लक्षणांची नोंद ठेवणाऱ्यांचा पूर्वज शोधायचा तर तो हाच.

पिसं आणि काजळीचा कागद

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को यांनी १८६० च्या दशकापासून पुढे या आजाराला वेगळं काढलं आणि पार्किन्सनचं नाव दिलं. सगळ्या रुग्णांना कंप नसतो आणि अंग खरोखर लुळं पडत नाही, म्हणून ‘कंपवाताचा पक्षाघात’ हे जुनं नाव त्यांना पटलं नाही. कंप नेमका कसा आहे हे दाखवायला त्यांनी दोन युक्त्या वापरल्या. व्याख्यानाच्या वेळी वेगवेगळे कंप असलेल्या बायकांच्या डोक्यावर लांब पिसांच्या टोप्या चढवल्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यालाही डोकं कसं हलतं ते पिसाच्या टोकावर दिसावं. दुसरं, नाडीचा आलेख काढणारं यंत्र हाताला लावून कंपाचा आलेख उमटवला. पार्किन्सन्सचा कंप सेकंदाला साधारण चार ते सहा झटक्यांचा असतो, हे आज आपण ज्या आत्मविश्वासाने सांगतो त्याचा उगम अशा आलेखांत आहे.

पण शार्कोंचं निरीक्षण रुग्णालयातलं होतं. साल्पेत्रिएरमध्ये हजारो बायका वर्षानुवर्षं राहत, म्हणून त्यांना एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा पाहता आलं. घर सोडून रुग्णालयात आयुष्य काढणाऱ्यांवर उभं राहिलेलं ते ज्ञान होतं. पुढची शंभर वर्षं मोजमाप रुग्णालयाच्या भिंतींतच राहिलं, आणि त्याची फारशी अडचणही झाली नाही. कारण तोवर हा आजार वर्षावर्षाने बदलायचा. आज सकाळी दहाला कसा आहे आणि दुपारी एकला कसा, असं विचारण्याचं कारणच नव्हतं.

गोळीने तास आणले

हे कारण एका औषधाने निर्माण केलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व दाखवलं. व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिविच यांना पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन घटलेलं आढळलं, आणि १९६१ मध्ये त्यांनी वाल्टर बिर्कमायर यांच्यासोबत लेव्होडोपा हे औषध रुग्णांना देऊन पाहिलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉट्झिअस यांनी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत दाखवली आणि बाजेवर खिळलेली माणसं उठून चालू लागली.

या औषधाचा एक धागा आपल्या शेताच्या कुंपणापर्यंत येतो. खाजकुयली, आयुर्वेदातली कपिकच्छू, हिच्या बियांतून १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी हेच रसायन वेगळं काढलं होतं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांच्या चूर्णाने पार्किन्सन्सवर उपचार केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

लेव्होडोपाने आयुष्य परत दिलं, पण त्याच्यासोबत नवा हिशेबही आला. रक्तात ते दीड-दोन तासांतच निम्म्यावर येतं. सुरुवातीची काही वर्षं मेंदू ही उणीव भरून काढतो. पुढे तेवढी साठवण उरत नाही आणि माणूस गोळीच्या तालावर चालू लागतो. गोळी लागू असेपर्यंत हातपाय मोकळे, असर उतरला की अंग जखडलेलं, आणि मात्रा जास्त झाली की अंगाची नको असलेली वळवळ. दिवसातून असे अनेक चढउतार. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी लागते, कारण डाळ, दूध, अंड्यातली प्रथिनं आतड्यातून रक्तात शिरताना आणि पुढे मेंदूत शिरताना औषधाच्या वाटेत येतात. बद्धकोष्ठ असलं, पोट सावकाश रिकामं झालं, तरी गोळी उशिरा पोचते. म्हणजे स्वयंपाकघर, शौच, झोप आणि औषध यांची सगळी वेळापत्रकं एकमेकांत गुंतली. हे सगळं पाहणारं माणूस एकच असतं, आणि ते घरात असतं.

अर्ध्या अर्ध्या तासाची वही

वैद्यकशास्त्राने आधी श्रेणी आणि मोजपट्ट्या बनवल्या. १९६७ मध्येच मार्गारेट होन आणि मेल्विन यार यांनी आजाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या. १९८७ मध्ये बोटं टेकवणं, मूठ उघडणं-मिटणं, खुर्चीतून उठणं अशा कृतींना शून्य ते चार गुण देणारी सविस्तर मोजपट्टी आली, आणि २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती. ही मोजपट्टी आजही जगभर वापरतात. पण तिच्यातली हालचालींची तपासणी हे दवाखान्यातलं एका वेळचं चित्र असतं.

घरचा दिवस पकडण्यासाठी २००० मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट हाउझर यांनी एक साधी डायरी मांडली. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येकात एक खूण: झोपलेला, औषध उतरलेलं, औषध लागू आणि वळवळ नाही, वळवळ आहे पण त्रास नाही, वळवळ आहे आणि तिचा त्रास होतोय. नव्या औषधांच्या चाचण्यांत आजही ‘चांगला काळ किती तासांनी वाढला’ हे बहुधा अशा डायरीवरूनच ठरतं. कोट्यवधींच्या संशोधनाचा निकाल घरी पेनाने केलेल्या खुणांवर अवलंबून असतो.

ही डायरी जवळून पाहण्यासारखी आहे. समजा, सेलू तालुक्यातल्या एखाद्या घरात शंभर पानी वहीत सून सासऱ्यांसाठी अशी नोंद ठेवतेय. डावीकडे वेळ, मग ‘गोळी’, ‘जेवण’, ‘चालणं’, ‘हात’ असे रकाने. सहा वाजता गोळी, पावणेसातला ‘आपण होऊन उठले’. दहा वाजता ‘वावराच्या बांधापर्यंत गेले’. साडेअकराला तुरीचं वरण, भात, पोळी. बाराला गोळी. एकला ‘मोकळं नाही’, दीडला ‘मोकळं नाही’, पावणेतीनला ‘आता बरं’. पाचला ‘दारात पाय अडकला, हात धरला’. तीन दिवस ओळीने हेच दिसलं की डॉक्टरांना कोणत्याही यंत्राविना समजतं: बाराची गोळी वरणाच्या मागोमाग जातेय. तिची वेळ जेवणाआधी आणली तर दुपारचे दोन तास परत मिळू शकतात.

आणि एखाद्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः लिहिलं असेल तर तेही एक मोजमाप होतं. देवनागरीत शब्द शिरोरेखेखाली आखडत जातात, ओळीच्या शेवटी काना-मात्रा एकमेकांत मिसळतात. हुम्बोल्टने पत्रात टिपलेली खूण वहीच्या पानावर आपोआप उमटते.

डायरीच्या उणिवाही खऱ्या आहेत. लोक थकतात, दिवसभर राहून गेलेलं रात्री आठवून भरतात. अंगाची वळवळ रुग्णाला स्वतःला अनेकदा कळतच नाही, पण समोर बसलेल्याला कळते. म्हणून दोघांनी मिळून लिहिलेली वही एकट्याच्या वहीपेक्षा खरी असते.

मोजमाप घरी येतं

इथे या वंशावळीला दुसरीकडून आलेली एक शाखा मिळते. १९४० मध्ये बॉस्टनच्या ऐमन आणि गोल्डशाइन या डॉक्टरांनी रक्तदाबाच्या रुग्णांना स्वतःचा दाब घरी मोजायला शिकवला. दवाखान्यातला दाब घरच्यापेक्षा बहुतेकांत जास्त निघाला. आजाराचं खरं वागणं घरी दिसतं, याच्या आकड्यांतल्या पहिल्या काही पुराव्यांपैकी हा एक.

त्याच काळात रुग्णालयाबाहेर ज्यांच्या रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवलं जात होतं, असे एक गृहस्थ वर्धा जिल्ह्यात राहत होते. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ते रक्तदाबाच्या दुखण्यातून नुकतेच उठून. पुढे डॉ. सुशीला नय्यर त्यांच्या प्रकृतीकडे पाहू लागल्या. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यात १९ फेब्रुवारी १९४० रोजीचा २२०/११० हा आकडा आहे. हा माणूस त्या दाबासह देशभर फिरत होता आणि त्याचं शरीर रुग्णालयाबाहेर मोजलं जात होतं.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हृदयाचा आलेख चालत्या माणसाकडून रेडिओने मिळवला. ते यंत्र पाठीवर घ्यायचं आणि वजन ३८ किलोंच्या घरात. १९६१ पर्यंत ते खिशात मावू लागलं, आणि ‘होल्टर लावलाय’ हे आज आपल्याकडेही घराघरांत कळतं. हालचाल मोजायचा छोटा संवेदक मात्र वैद्यकातून आला नाही. मोटार आदळली की एअरबॅग फुगावी, म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिकॉनच्या चकतीवरचे वेगबदल ओळखणारे संवेदक स्वस्तात बनू लागले. तेच पुढे मोबाइलमध्ये आले, आणि कंप मोजायला लागणारं यंत्र जगातल्या बहुतेक खिशांत आधीच येऊन बसलं.

पेटी, मनगट, भिंत

इंटेलचे प्रमुख राहिलेले अँडी ग्रोव्ह यांना २००० मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. इंटेलने घरी ठेवायची एक पेटी बनवली. आठवड्यातून एकदा तिच्यासमोर बसायचं, कळा दाबायच्या, खुंट्या बसवायच्या, लांब ‘आ’ म्हणायचं. या पेटीवर ४२ जणांनी सहा महिने दिलेल्या ५,८७५ ध्वनिमुद्रणांवरून अथानासिओस त्सानास, मॅक्स लिटल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की आवाजावरून आजाराच्या तीव्रतेचा अंदाज बांधता येतो. पार्किन्सन्समध्ये आवाज हळू आणि सपाट होतो, हे घरच्यांना आधीच ठाऊक असतं. ‘जरा मोठ्यानं बोला ना’ हे वाक्य अनेक घरांत निदानाच्या कितीतरी आधी येतं.

ऑस्ट्रेलियात माल्कम हॉर्न आणि रॉब ग्रिफिथ्स यांनी २०१२ मध्ये काइनेटिग्राफ नावाचं मनगटी यंत्र मांडलं. जास्त त्रास असलेल्या हातावर ते काही दिवस बांधायचं. ते दर दोन मिनिटांनी मंदपणा आणि वळवळ यांना गुण देतं, आणि गोळीच्या वेळी थरथरून आठवण करून देतं. गोळी घेतली की त्यावर बोट फिरवायचं. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांसमोर येतो तो दिवसाचा आलेख: गोळीच्या उभ्या रेषा आणि त्यांच्याभोवती वरखाली होणारी लकेर. सुनेच्या वहीतली दुपार इथे रेषेत उमटते.

२०१५ मध्ये एमपॉवर नावाच्या फोनवरच्या अभ्यासात हजारोंनी नाव नोंदवलं. पण नियमित नोंदी देत राहणारे थोडेच उरले. २०२२ च्या जूनमध्ये ॲपल वॉचवर कंप आणि वळवळ नोंदवणाऱ्या एका कार्यक्रमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमआयटीच्या दिना कताबी यांच्या गटाने, खोलीत ठेवलेल्या पेटीतून सोडलेल्या रेडिओलहरींवरून झोपलेल्या माणसाचा श्वास टिपून पार्किन्सन्स ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. साडेसात हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी त्यासाठी वापरल्या होत्या. अंगाला काही लावायचं नाही, काही आठवायचं नाही.

यंत्रांची ही चढती कमान मनापासून कौतुकाची आहे. तरी प्रत्येक यंत्र ज्यांच्या हालचालींवर शिकलं त्यांचंच जग ओळखतं. बोटं भराभर चालवत कापूस वेचणारा हात, चरख्यावर फिरणारं मनगट, भाकरी थापणाऱ्या तळव्याचा ताल या हालचाली त्या शिकवणीत असण्याची शक्यता कमी. बाई दुपारी भाकरी थापत होती की अंग वळवळत होतं, हे सांगायला घरातलं माणूस लागतंच. आणि एमपॉवरसारख्या अभ्यासातून आणखी एक धडा घेता येतो: जिथे नोंदीला कुणी उत्तर देत नाही, तिथे माणसं नोंद करणं सोडतात.

आपल्याकडची दारोदारची वाट

महाराष्ट्रात या कामाची स्वतःची परंपरा आहे, आणि ती यंत्रांआधीची आहे. मुंबईत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली. आधी प्रश्नावली, मग संशय आलेल्यांची न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दर लाखामागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन्स आढळला. रुग्णालयाच्या नोंदींत न आलेले रुग्ण घरोघरी गेल्यावरच सापडतात, हे या पद्धतीने दाखवून दिलं.

२००० साली पुण्यात मधुसूदन शेंडे आणि शरच्चंद्र पटवर्धन यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स मित्रमंडळ उभं राहिलं. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. सभा, व्यायाम आणि त्यासोबत घरभेटी हा मंडळाच्या कामाचा भाग राहिला. २००१ मध्ये डॉ. भीमसेन सिंघल यांनी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू केली आणि तिचे आधारगट इतर शहरांतही पसरले. शुभंकर एकमेकांना जे सांगतात, म्हणजे दारात पाय अडकला तर फरशीवर पट्टी चिकटवून ती ओलांडायला सांगावी, रात्री कूस बदलायला गुळगुळीत चादर बरी पडते, ते घरात पाहून मिळवलेलं ज्ञान आहे.

वर्ध्याची परंपरा याहून जुनी आहे. १९३९ च्या सुमारास कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीच्या जवळच जागा दिली आणि त्यांच्या अंगाला मालिश स्वतः केलं. दीर्घ आजाराच्या माणसाला दूर न धाडता घराशेजारी ठेवून पाहायचं, हा पायंडा इथे पडला. सुशीला नय्यर यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेल्या कस्तुरबा दवाखान्यातून पुढे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी सुरुवातीला पंधरवडाभर त्या गावात राहतात, काही कुटुंबं त्यांच्या वाट्याला येतात, आणि नंतरही ते त्या घरांकडे जात राहतात. डॉक्टर होण्याआधी रुग्ण घरी कसा जगतो ते पाहायचं, ही शिस्त पार्किन्सन्ससाठी जणू नेमकी बेतलेली आहे.

आता वर्ध्यात काय व्हावं

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि फोनवरून, व्हिडिओवरून तपासणं स्पष्ट नियमांत बसलं. पार्किन्सन्स यासाठी सोयीचा आजार आहे, कारण त्यातलं बरंचसं डोळ्यांनी दिसतं. अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हिडिओभेटी सहज जमल्या, आणि प्रत्येक भेटीमागे रुग्णाचे साधारण दीड तास वाचले. त्यांनी जीवनमान वाढल्याचं मात्र आढळलं नाही. दूरची भेट वेळ वाचवते. उपचार सुधारायचे असतील तर त्या भेटीत नेमकी माहिती यावी लागते आणि तिच्यावर निर्णय व्हावा लागतो.

ही माहिती गोळा करण्याच्या बहुतेक पायऱ्या जिल्ह्यात आधीच आहेत. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरते, त्यात साठीपुढच्यांना उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, खाणं, कपडे घालणं, अंघोळ यांत मदत लागते का, असे प्रश्न असतात. ‘हो’ हे उत्तर आलं की पुढे दोनच गोष्टी पाहाव्यात: स्वस्थ बसल्यावर हात थरथरतो का, आणि अंगठा व तर्जनी भराभर टेकवताना हालचाल लहान होत जाते का. यातून निदान होणार नाही, पण कुणाला डॉक्टरांकडे धाडायचं ते कळेल.

निदान झालेल्या प्रत्येक घराला गोळ्यांसोबत वही मिळावी, मराठीत आखलेली, खुणांसाठी चित्रं असलेली, म्हणजे अक्षर न येणाऱ्या आजीलाही ती भरता येईल. भेटीआधीचे तीन दिवस ती भरली तरी पुष्कळ. त्यासोबत फोनवर ठरावीक व्हिडिओ: हात मांडीवर ठेवून बसणं, बोटं टेकवणं, खुर्चीतून उठणं, दारातून जाऊन वळून येणं. एकदा गोळीच्या आधी आणि एकदा तासाभराने. हे व्हिडिओ काढताना रुग्णाला विचारलं पाहिजे, आणि ते कुठे जाणार हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. जखडलेल्या अवस्थेतलं आपलं रूप परक्या हाती जावं की नाही, हा निर्णय त्याचा.

महागडं मनगटी यंत्र प्रत्येक घराने विकत घेण्याची गरज नाही. होल्टर जसा एका दिवसासाठी लावून परत घेतात, तशी काही यंत्रं वैद्यकीय महाविद्यालयांनी ठेवावीत आणि जिथे वहीवरून उलगडा होत नाही तिथे आठवडाभर द्यावीत. सोबत वही चालूच राहावी, म्हणजे आलेखातला प्रत्येक चढ कशामुळे आला ते सांगता येईल. या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला ठरलेल्या वारी फोन घेणारा डॉक्टर हवा. वही वाचून त्याने गोळीची वेळ बदलली, मात्रा वाढवली-घटवली किंवा ‘आहे तेच चालू ठेवा’ असं सांगितलं, तरच तिसऱ्या महिन्यात ती वही भरलेली सापडेल.

आणि वही भरणाऱ्याचं काम मोजलं जावं. बहुतेक घरांत ती बायको असते किंवा सून. तिची झोप, तिची पाठ, तिचा बुडालेला मजुरीचा दिवस यांचीही एक ओळ त्या नोंदीत असावी, आणि डॉक्टरांनी ती ओळ वाचावी.

२०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना पार्किन्सन्स होता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वय वाढेल तशी ही संख्या वाढणार आणि यंत्रंही स्वस्त होत जाणार. वर्ध्याने त्यांची वाट पाहत थांबण्याचं कारण नाही. गावाकडे जाणारे विद्यार्थी, आशाताई, दोन मोठी रुग्णालयं आणि खेड्याखेड्यांत पोचलेले फोन इथे आहेत. त्यांना एका ओळीत बांधण्याचा निर्णय तेवढा राहिला आहे. माणसाच्या आजारावर लक्ष ठेवायचं ठरवलं की त्याला उत्तर देण्याची जबाबदारीही घ्यावी लागते. ती घेणारा जिल्हा म्हणून वर्ध्याने पुढे यावं, आणि त्याची सुरुवात पुढच्या ओपीडीत पहिल्या रुग्णाच्या हाती वही देऊन करता येईल.